शाळेच्या दप्तरातील अक्षर

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम या वस्तीला काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून नाव मिळाले. १८९८ च्या प्लेगनंतर येथे नवी वसाहत आखली गेली. देवालय मात्र त्याहून जुने. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. कोणी दिले, कोणाला दिले, काय दिले आणि केव्हा दिले, एवढे ज्यातून कळते ती नोंद चांगली. शिवाय दगडावर खोडाखोड करता येत नसल्यामुळे कोरणाऱ्याला आधी विचार करावा लागे.

आज हीच जबाबदारी, मल्लेश्वरमात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात काय, शाळेच्या कचेरीतील कारकुनावर येऊन पडली आहे. मूल शाळेत दाखल होते त्या दिवशी त्याचे नाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरात उतरते. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून परीक्षेचे प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावरून नोकरी आणि अखेर निवृत्तीचा दिवससुद्धा ठरतो. २०२३ साली महाराष्ट्रात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली. मोडी लिपीतील नोंदी वाचण्यासाठी जाणकार शोधावे लागले. कित्येक वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी बोरूने लिहिलेल्या एका शब्दावर आजच्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहिले.

आता बोरूच्या जागी संगणक आला आहे. कर्नाटकात ‘सॅट्स’, महाराष्ट्रात ‘सरल’ आणि देशभरासाठी ‘यूडायस प्लस’ अशा प्रणालींत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते. त्यामुळे शोध सोपा झाला, हे निःसंशय. परंतु पूर्वी एका वहीत राहणारी चूक आता क्षणार्धात चार ठिकाणी पोहोचते आणि चारही ठिकाणी ती दुरुस्त करता करता पालकांचे जोडे झिजतात.

परप्रांतातील मराठी घरांना तर नावाचीच अडचण पडते. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम. दक्षिणेत अनेक घरी नावामागे आद्याक्षरे. शाळेत एक रीत आणि आधारपत्रावर दुसरी असली, म्हणजे ‘अपार’ क्रमांकासाठी दोन्ही नावे जुळत नाहीत. ‘ळ’ हे अक्षर मराठीत आहे, तसे कन्नडातही आहे. मध्ये रोमन लिपी आली की ते हरवते. रोमनमधून परत येताना काळे यांचे काले होतात आणि यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

लिपीची आणखी एक गोष्ट आहे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक आहे. जुन्या फाँटांत मात्र पडद्यावर मराठी दिसे आणि पोटात रोमन अक्षरांचे क्रमांक असत. असा मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर नेला, की निरर्थक चिन्हांची रांग होतो. कोणता मजकूर टिकेल, हे ओळखणे म्हणूनच टंकलेखनाच्या वेगाइतकेच महत्त्वाचे.

महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ने असंख्य लोकांना संगणकाची ओळख करून दिली. पण यंत्र चालविणे ही एक विद्या आणि दप्तर राखणे ही दुसरी. जुन्या कारकुनाला दुसरी येत असे. तो चुकीचा शब्द खरवडत नसे. त्यावर तांबड्या शाईची एक रेघ ओढून शेजारी मुख्याध्यापकांची सही घेई. मूळ शब्दही वाचता येई आणि बदल कोणी केला तेही कळे. हाच शिरस्ता संगणकावर आणला पाहिजे. माहिती मूळ जन्मदाखल्यावरून भरावी, दुसऱ्या नकलेवरून नव्हे. भरलेले पान छापून पालकांना वाचून दाखवावे आणि मगच कायम करावे. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा असावा. तो कचेरीच्या भिंतीवर चिकटवू नये. दर आठवड्याला एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

यासाठी कर्मचाऱ्याला शिक्षण हवे, तसाच वेळही हवा. प्रवेशाची झुंबड, फीच्या पावत्या आणि वरिष्ठ कार्यालयाचे तातडीचे तक्ते यांच्या मधल्या फटीत जी नोंद होते, ती बिनचूक व्हावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दाखल होणारे मूल त्या वेळी आपले नाव तपासू शकत नाही. त्याच्या वतीने ते तपासणारा पहिला शासकीय डोळा शाळेच्या कचेरीत असतो. त्याला उसंत देणे हे संस्थेचे कर्तव्य होय.