आधी मासा फाडा, मग बाटली फोडा
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



येवला, नांदगाव, मालेगाव हा आपला पट्टा अवर्षणाचा. कापूस आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तळी झाली. पाणी आहे तर मासे सोडू, असे आम्हीही ठरवले.

पहिल्याच वर्षी मासे खंगले. डोके मोठे, शेपटीकडे काटकी, पोट फुगलेले, खाद्याकडे ढुंकून बघेनात. दुकानदाराने बाटली दिली, आम्ही ओतली. पैसे बुडाले ते बुडाले, त्या पाण्यावर बैल न्यायचीही भीती वाटू लागली. चूक आमचीच. रोग न बघता औषध केले.

आता आमचा नियम एकच. आधी एक आजारी मासा फाडायचा. आतड्यात पांढऱ्या फिती दिसल्या तर तो पट्टकृमी. सायप्रिनस आणि गवत्याच्या बोटुकलीत हा जास्त. यावर प्राझिक्वान्टेल लागू पडते. पण खाद्यात किती घालायचे आणि नंतर किती दिवस मासा विकायचा नाही, हे पशुवैद्याला किंवा मत्स्य अधिकाऱ्याला विचारूनच. फीत आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत असेल तर तो बहुधा पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून आलेला जंत. तिथे औषधावर पैसा घालण्यात अर्थ नाही. आणि पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड वासत असतील तर आधी प्राणवायूचा तुटवडा समजा. ताजे पाणी सोडा, खाद्य थांबवा.

हा जंत येतो कुठून? म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. पायविहिरीच्या पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव नारू घेऊन माणसाच्या पोटात जायचा. लोकांनी पाणी फडक्याने गाळले, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. माशाचा जंत वेगळा, पण त्याची ने-आण करणारा जीव त्याच जातीचा. नारू औषधाने गेला नाही, साखळी तोडल्याने गेला.

आणि साखळी तोडण्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे दैव कधी नव्हे ते त्याच्या बाजूने आहे. आपले तळे उन्हाळ्यात आटतेच. ते पुरते वाळू द्या, गाळ काढा, मातीच्या तळाला चुना मारा. प्लास्टिकचे असेल तर घासून वाळवा. नवी बोटुकली तीन आठवडे वेगळ्या हौदात ठेवा, दोन-चार फाडून बघा, मगच तळ्यात सोडा. शेजाऱ्याचे ओले जाळे आपल्या तळ्यात टाकू नका.

दुष्काळाने आपले फार नेले. एवढे एक काम त्याच्याकडून फुकट करून घ्या.