बरणीतला साप रात्री का फिरतो?

(रेडिओवरील भाषण)



लावणीच्या दिवसांत आपल्याला मान वर करायलाही फुरसत नसते. मागच्या आषाढात लावणी उरकल्यावर आमच्या बचत गटाची बैठक भरली होती. हिशेब झाला, चहा झाला, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात एक जण माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? हसू नका हां. आमच्या पोरानं साप पाळलाय. आठ दिवस झाले. दिवसभर गरीब गाईसारखा पडून असतो. रात्र झाली की मात्र बरणीभर फिरतो. झाकणावर नाक आपटतो, टकटक वाजतं. त्याला भूक लागली असेल का?"

मी आशाताई म्हणून काम करते. ताप, जुलाब, बाळंतपण यांचे प्रश्न रोज येतात. असा प्रश्न पहिल्यांदाच आला. मी विचारलं, "कसला साप आहे गं?" ती म्हणाली, "कवड्या आहे म्हणतो. मोबाइलवर फोटो बघून ओळखला त्यानं. बिनविषारी असतो ना?"

मी तिच्याबरोबर घरी गेले. पोरगा सहावीतला. बिस्किटांची प्लास्टिकची बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. आत हातभर लांबीचा, करंगळीपेक्षा बारीक, काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे. वेटोळं घालून, डोकं वेटोळ्यात खुपसून निपचित पडलेला. पोरगा मोठ्या कौतुकानं सांगत होता, "ताई, हा माणसाळलाय. दुपारी मी पाठीवरून बोट फिरवतो, काही करत नाही." आणि रात्री ती बरणी त्याच्या अंथरुणाच्या उशाशी असायची.

बरणी उघडू नकोस, हलवू नकोस, असं त्याला बजावलं आणि वनखात्याचं ओळखपत्र असलेल्या एका सर्पमित्राला फोन केला. तासाभरात तो नेरळच्या बाजूनं मोटरसायकलवर आला. बरणीकडे एकदा बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, "वहिनी, हे मण्यारीचं पिल्लू आहे."

ती बाई भिंतीला टेकून खाली बसली.

सर्पमित्रानं साप नेला. वनखात्याला कळवलं आणि वस्तीपासून लांब सोडून दिला. पोराला काही झालं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. पण त्या बाईचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. साप दिवसा शांत आणि रात्री अस्वस्थ का? त्या सर्पमित्राकडून आणि पुढे इतरांकडून जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. मण्यार हा रात्रीचा साप. दिवसा ती उंदराच्या बिळात, विटांच्या ढिगात, दगडांच्या सांदीत पडून राहते. उजेडात छेडली तरी बहुतेक वेळा डोकं लपवून गोळा होते. अंधार पडला की शिकारीला निघते. बरणीत ठेवली म्हणून तिचं घड्याळ बदलत नाही. म्हणजे दिवसाचं ते गरीबपण माणसाळणं नव्हतं. आणि रात्रीची ती टकटक रागाची नव्हती, तिच्या जागेपणाची होती. शांत साप म्हणजे पाळीव साप नव्हे, आणि फिरणारा साप म्हणजे चिडलेला साप नव्हे. एवढं एकच वाक्य आजच्या बोलण्यातून लक्षात ठेवलंत तरी चालेल.

दुसरी गोष्ट, लपायची जागा. आपल्याला उघड्या माळावर चारी बाजूंनी माणसं बघत असताना झोप लागेल का? सापाला पारदर्शक बरणीत तसंच होतं. तामिळनाडूत इरुळा आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ सालापासूनची. सर्पदंशाची लस ज्यापासून बनते ते विष ही मंडळी सरकारी परवानगीनं काढतात. ते साप कशात ठेवतात? मातीच्या मडक्यात, वर कापड बांधून. आत अंधार, गारवा आणि अंगाला टेकायला भिंत. काही आठवडे ठेवून, विष काढून ते साप पुन्हा रानात सोडतात. पिढ्यान् पिढ्या साप हाताळणारी माणसंसुद्धा त्याला कायमचा ठेवून घेत नाहीत.

तिसरी गोष्ट, ऊब आणि गारवा. सापाचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. ऊन हवं तर तो उन्हात जातो, ताप वाढला तर सावलीत जातो. हे जाणं-येणं म्हणजेच त्याचं जगणं. बरणी पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवली तर त्याला पळायला जागाच नाही. तो झाकणाला नाक घासत राहतो, नाक सोलवटून घेतो, आणि ऊन फार झालं तर आतल्या आत मरतो.

चौथी गोष्ट, कात. कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे दुधी, निळसर होतात. त्याला नीट दिसत नाही. अशा वेळी तो घाबरट होतो, जवळ येणाऱ्या कशावरही तोंड टाकू शकतो. आपण म्हणतो डूक धरलाय. साप डूक धरत नाही. तेवढी आठवण ठेवणारा मेंदू त्याला नाही.

आणि भूक? ती यादीत सगळ्यात शेवटी. साप कितीतरी दिवस न खाता राहतो. त्या पोरानं बरणीत पाल टाकली, गांडूळ टाकलं, सापानं ढुंकून पाहिलं नाही. घाबरलेला साप खात नाही. पण प्रत्येक वेळी खायला घालताना त्या पोरानं झाकण उघडलं होतं, तेही संध्याकाळी, मण्यार जागी होण्याच्या वेळेला.

आता ओळखण्याबद्दल. पुस्तकात लिहिलेलं असतं की कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पुढे पुसट आणि मागे ठळक असतात. मोठ्या सापाला हे बरंचसं लागू पडतं. पण मण्यारीच्या पिल्लाच्या अंगावर पुढेही खुणा असतात. तिथेच ते पोर फसलं, आणि मोठी माणसंही फसतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते विष घेऊनच. म्हणून फोटोवरून नाव ठरवू नका. नाव माहीत नसेल तर साप विषारीच धरा.

आपल्या कर्जत-खालापुरात आता एक नवा प्रकारही दिसतो. आपल्यातल्या कितीतरी जणी फार्महाऊसवर कामाला जातात. गटातली एक जण अशीच एका बंगल्याची देखभाल करते. मालकानं शहरातून काचेच्या पेटीत एक छोटा अजगर आणला. बॉल पायथन म्हणतात त्याला, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, बिनविषारी. रविवारी रात्री मालक मुंबईला परत, आणि ही एकटी. साप रात्रभर काचेवर चढतोय, पडतोय, पुन्हा चढतोय. ही बिचारी देवाचं नाव घेत बसलेली.

बायांनो, हा सापही तेच सांगत होता. हा घाबरला की अंगाचा चेंडू करून त्यात डोकं लपवतो, म्हणून त्याचं नाव बॉल. लोक म्हणतात, किती शांत आहे! पण ती शांतता भीतीची असते. नव्या जागी आल्यावर पहिले काही दिवस तो रात्री फिरणार, कोपरे तपासणार, खाणार नाही. आठवडाभर त्याला कुणी हात लावू नये, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नये. त्यानंतरही फिरणं थांबलं नाही तर मालकाला फोन करून चार गोष्टी विचारा. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार आहे का? अंग चोरून बसायला अंधारी जागा आहे का? पाणी आहे का? झाकणाला कडी आहे का? नाकातोंडातून फेस येत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवायची जबाबदारी मालकाची. तुम्ही पेटी उघडायची नाही. तुमच्या पगारात ते काम नाही.

अशा परदेशी प्राण्याची सरकारकडे नोंद करावी लागते. २०२४ साली त्याचे नियम आलेत. आणि कंटाळा आला म्हणून तो आपल्या रानात सोडायचा नाही. आपला साप मात्र, नाग असो, धामण असो की पाणदिवड, पकडणं आणि पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे. नागपंचमीला टोपली घेऊन येणाऱ्या गारुड्याचा नागही त्यात आला. तो पुंगीवर डुलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून स्वतःला सांभाळत असतो. दूध पितो तो तहानेनं. कणगीतले उंदीर खाईल म्हणून धामण पिंपात कोंडणारेही मी पाहिलेत. अहो, ती मोकळी असेल तरच उंदीर खाईल ना! बांधावर दिसली तर तिला तिच्या वाटेनं जाऊ द्या. आपलं भात तीच राखते.

शेवटी कामाचं सांगते. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा झोपेत होतो. दुखत नाही, सुजत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. घरचे म्हणतात, अपचन झालं. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. बांगड्या, जोडवी, अंगठ्या काढा. माणसाला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. थेट सरकारी दवाखाना. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. आपल्या रायगडातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांच्या कष्टानं आज इलाज आहे. तो वेळेत गाठणं आपल्या हातात आहे. आणि झोपताना मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डासही अडतात, मण्यारही अडते.

साप घरात दिसला किंवा पोरानं कोंडलेला सापडला, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. पोराला मारू नका. मारलं तर पुढची बरणी तो लपवून ठेवेल. त्या दिवशी आमचा पोरगा रडत होता. म्हणत होता, "तो मला ओळखायला लागला होता." आईनं त्याला जवळ घेतलं, पण बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं दोन आकडे लिहिलेले, १०८ आणि १९२६. अक्षर पोराचं होतं.

तुमच्याही दारावर हे आकडे आज लिहून ठेवा. येते मी. पुढच्या बैठकीत भेटू. नमस्कार.