हिवाळा, खुराडे आणि तांबडी कीड



लातूर जिल्ह्यात शेतमजूर व अल्पभूधारक कुटुंबांच्या परसात पाच-दहा गावरान कोंबड्या आढळतात. त्यांची निगा बहुधा घरातील स्त्री राखते. अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती येतो आणि तेल-मिठाचा, वही-पेन्सिलीचा खर्च त्यातून भागतो. हिवाळ्यात अंडी घटली की दोष थंडीला दिला जातो. पुष्कळदा खरा चोर खुराड्यातच दडलेला असतो.

हा चोर म्हणजे रक्त पिणारा तांबडा माइट. गोचिडाच्या कुळातील हा आठ पायांचा जीव मोहरीहूनही लहान असतो. दिवसा तो दांड्याच्या सांध्यात, तुराट्यांच्या कुडात वा डालग्याच्या विणीत लपतो आणि रात्री कोंबडीच्या अंगावर चढतो. सांजवेळी कोंबड्यांनी खुराड्यात शिरण्यास कुचरणे, तुरे फिके पडणे, खुडूक कोंबडीने अंडी सोडून उठणे, ही त्याची लक्षणे होत. उबेत त्याची एक पिढी सुमारे आठवड्यात पुरी होते. कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते. तेवढ्यात किडीच्या तीन पिढ्या होऊ शकतात.

थंडीत फटींतील किडीची वाढ मंदावते. म्हणून बंदोबस्तास हाच काळ योग्य. मात्र रक्ताविना ती महिनोन्महिने तग धरते. खुराडे चार दिवस रिकामे ठेवून भागत नाही. त्यातच वारा लागू नये म्हणून खुराडे चहूबाजूंनी गोणपाटाने बंद केल्यास आत ओल साचते आणि किडीला आसरा मिळतो. वाऱ्याची बाजू झाकावी, वरची फट मोकळी ठेवावी व गोणपाट रोज उन्हात टाकावे.

उपाय घरचेच आहेत. जुना भुसा काढून दूर जाळावा. दांडे व डालगी बाहेर काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि ती कडक उन्हात वाळवावीत. भिंतीच्या भेगा मातीने लिंपून वर चुना द्यावा. तो पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्याव्यात. दांड्यांच्या टोकांना कडुनिंबाचे तेल लावावे. किडीची अंडी मागे उरतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने हे काम तीनदा करावे. अंगणात कोरडी माती व लाकडाची चाळलेली राख पसरट घमेल्यात ठेवल्यास कोंबड्या त्यात लोळून पिसे स्वच्छ करतात. माइटची दुसरी एक जात रात्रंदिवस अंगावरच राहते. म्हणून गुदद्वाराजवळील पिसे अधूनमधून तपासावीत.

पिकावरील औषध कोंबड्यांवर वा खुराड्यात कदापि मारू नये. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये २०१७ साली याच किडीसाठी वापरलेल्या द्रव्यात फिप्रोनिल निघाले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. हेच औषध आपल्याकडे पिकांवर फवारले जाते. परसातील अंडे घरची मुलेच खातात, हे विसरता कामा नये.

कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास मात्र किडीवर भिस्त ठेवू नये. जानेवारी २०२१ मध्ये लातूर जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

उसन्या डालग्याबरोबर व विकत आणलेल्या कोंबडीबरोबर कीड घरोघर पोहोचते. एकाने स्वच्छता करून शेजारचे खुराडे तसेच राहिले, तर श्रम वाया जातात. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी पुढाकार घेऊन आळीतील सारी खुराडी एकाच दिवशी उन्हात काढण्याचा वार ठरवावा. या कामी खर्च फारसा नाही. एकजुटीची मात्र गरज आहे.