पूर्ण आकाराचे पॅकेट गावापर्यंत



नेटवर्कच्या कामाची परिषद पेठला भरवलीत, याबद्दल आपले मनापासून आभार. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. फायबर किती गावांत पोचले, याची चर्चा सर्वत्र होते. मला मात्र फायबर पोचल्यानंतरच्या कामाबद्दल बोलायचे आहे. स्विचच्या पोर्टवरच्या दोन सेटिंग आपण अनेकदा पाहतच नाही : पॅकेटचा आकार आणि फ्लो कंट्रोल.

आधी आकार. इथरनेटवर पॅकेटचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, साधारणपणे 1500 बाइट असतो. पीपीपीओई आले की त्यातले 8 बाइट जातात आणि 1492 उरतात. व्हीलॅनचा टॅग फ्रेममध्ये 4 बाइटची भर घालतो, टनेल त्याहून जास्त. वाटेतल्या एखाद्या स्विचला ही वाढ झेपली नाही, तर तो फ्रेम टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही. राउटर ‘पॅकेट मोठे आहे’ असा आयसीएमपी निरोप देतो. पण आपणच फायरवॉलवर पिंगखेरीज बाकी सगळे आयसीएमपी बंद केलेले असते. मग पोर्टचा दिवा हिरवा, साधा पिंग व्यवस्थित आणि कागदपत्रांचे अपलोड मात्र अर्ध्यावर अडकलेले. आपल्या अहवालात ‘लाइन चालू’ अशी नोंद होते आणि जातीच्या दाखल्यासाठी पाड्यावरून मजुरी बुडवून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. हे मला अस्वस्थ करते, कारण याचा उपाय आपल्याच हातात आहे.

पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून 1472 बाइटचा पिंग पाठवा. हेडरचे 28 बाइट मिळून तो बरोबर 1500 होतो. पीपीपीओई असेल तिथे 1464 घ्या. साध्या पिंगने जे लपते, ते इथे उघड होते.

9000 बाइटच्या जंबो फ्रेमचे आकर्षण मी समजू शकतो. एक गिगाबिटची लाइन 1500 च्या पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे 81 हजार फ्रेम हाताळाव्या लागतात. 9000 च्या पॅकेटांनी 14 हजारांहून कमी. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये हा फायदा जरूर घ्या. पण वाटेतले प्रत्येक उपकरण तयार असेल तरच. प्रिंटर, कॅमेरे आणि जुने संगणक एकत्र नांदणाऱ्या तालुक्याच्या कार्यालयात 1500 च योग्य.

आता फ्लो कंट्रोल. 802.3एक्स या 1997 च्या मानकाने पॉज फ्रेम दिली : ‘माझा बफर भरला, थांबा.’ एका पॉज फ्रेमने गिगाबिट पोर्ट 33 मिलिसेकंदांपर्यंत, तर 100 मेगाबिटचा पोर्ट 335 मिलिसेकंदांपर्यंत थांबवता येतो. या थांब्यात आवाज, व्हिडिओ, फाइल असा भेद नसतो. इथल्या सावळ घाटात एक ट्रक बंद पडला की मागची रुग्णवाहिकाही अडकते, तसेच हे आहे. एका मंद संगणकासाठी अख्खा अपलिंक थांबू शकतो. शिवाय पॅकेट गळले की टीसीपी आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणून अपलिंकवर फ्लो कंट्रोल बंद ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकही फ्रेम गळून चालणार नाही अशा स्टोरेजच्या जाळ्यासाठी 802.1क्यूबीबी आहे, ते आठ प्राधान्यवर्गांपैकी हवा तोच वर्ग थांबवते.

या परिषदेपुढे मी तीन सूचना ठेवतो. एमटीयू एकेका पोर्टपुरता न ठरवता संपूर्ण मार्गाचा विचार करून ठरवावा. दोन्ही टोकांची सेटिंग, पूर्ण आकाराच्या पिंगचा निकाल आणि पॉज फ्रेमचे आकडे लिहिल्याशिवाय कोणत्याही जागेचे काम स्वीकारू नये. आणि ही कार्यपद्धती मराठीत छापून प्रत्येक तालुक्यातल्या तंत्रज्ञाच्या हाती द्यावी. रात्री पावसात दुरुस्तीला जाणारा तोच असतो.

‘लाइन चालू’ हे दोन शब्द म्हणजे आपण नागरिकाला दिलेली हमी आहे. पूर्ण आकाराचे पॅकेट शेवटच्या ग्रामपंचायतीतून जाऊन परत आल्यावरच त्याखाली सही करायची, असा ठराव ही परिषद करील, असा मला विश्वास वाटतो.