परदेशप्रवास, जुने विकार आणि विम्याचा कागद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी १९७५ सालचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत मुलांना अक्षर आणि अंक शिकविण्यात माझे आयुष्य गेले. वकिली वा वैद्यकी मी शिकलेलो नाही आणि विम्याचा धंदाही कधी केलेला नाही. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार कोणता? तर, ठेच लागलेल्या माणसाचा. पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, असे आपण म्हणतो. परंतु ठेच लागलेला गप्प बसला, तर मागच्याने शहाणे व्हावे कसे? म्हणून बोलावयास उभा आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी काशी-रामेश्वराची यात्रा ही आयुष्यातील सर्वांत मोठी यात्रा असे, आणि यात्रेस निघण्यापूर्वी मनुष्य घरादाराची निरवानिरव करून निघे. आज आपल्या समाजातील कितीतरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत वा आखातात आहेत. सुनेचे बाळंतपण, नातवाचा वाढदिवस, मुलाचे नवे घर अशा निमित्तांनी साठी-सत्तरीची मंडळी विमानात बसतात. बरोबर लोणची, पापड, मेतकूट असते. आणि त्याच पिशवीच्या कोपऱ्यात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांची डबीही असते. खाद्यपदार्थांची यादी आपण चार वेळा तपासतो. त्या डबीविषयी मात्र विम्याच्या कागदावर काय लिहिले आहे, हे एकदाही वाचत नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू अण्णा २०१८ साली वहिनींसह अमेरिकेस पुतण्याकडे जावयास निघाले. वय ७१. मधुमेह अठरा वर्षांचा, रक्तदाब त्याहून थोडा अलीकडचा. घरात इंग्रजी फॉर्म भरण्याचे काम नेहमी माझ्याकडे. अक्षर चांगले, म्हणून. विम्याचे प्रस्तावपत्र घेऊन जे प्रतिनिधी आले, ते म्हणाले, "गुरुजी, पूर्वीचा आजार आहे काय, या रकान्यात 'नाही' लिहा. 'आहे' लिहिले की हप्ता वाढतो, तपासण्या मागे लागतात. साखर ताब्यात आहे ना? मग झाले तर!" मला ते पटले, असे मी म्हणणार नाही. पण मी लिहिले. परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणाऱ्या मुलास ज्याने अडतीस वर्षे बाकावर उभे केले, त्या मास्तराने सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिले, आणि अण्णांनी माझ्यावर विश्वासून त्याखाली सही केली.

तेथे पाचव्या आठवड्यात एका रात्री अण्णांना धाप लागली. रुग्णवाहिका आली, रुग्णालयात दाखल केले, हृदयावर उपचार झाले, ईश्वरकृपेने जीव वाचला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "पूर्वीपासून काही विकार?" अण्णांनी सरळ सांगितले, "मधुमेह, अठरा वर्षे." डॉक्टरांपुढे खोटे बोलावयाचे नसते, हे त्यांना ठाऊक होते. ते वाक्य रुग्णालयाच्या कागदांत उतरले. ते कागद विमाकंपनीने मागविले. आणि माझे सुवाच्य 'नाही' त्याशेजारी ठेवून दावा नाकारला. पुतण्याने रुग्णालयाशी बोलणे करून बिलाचे हप्ते बांधून घेतले. ते फेडण्यात चार वर्षे गेली. घर घेण्यासाठी साठविलेले सर्व त्यात गेले.

अण्णा आज हयात नाहीत. त्यांनी मला शेवटपर्यंत दोष दिला नाही. एकदा मीच विषय काढला, तेव्हा म्हणाले, "फॉर्म तू भरलास, पण सही माझी होती." या वाक्यात मला क्षमा मिळाली, पण त्यातच कायद्याचे मोठे तत्त्वही आहे. फॉर्म मुलाने भरो, भावाने भरो वा प्रतिनिधीने भरो, ज्याची सही त्याची जबाबदारी. प्रतिनिधीने तोंडी दिलेला दिलासा दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

येथे कोणी म्हणेल, खरे लिहिले असते तर सगळे पैसे मिळालेच असते काय? तसे मी म्हणत नाही. ते त्या पॉलिसीच्या अटींवर अवलंबून राहिले असते. पण खोटे लिहिल्याने जे मिळावयाचे तेही गेले, आणि भांडावयास तोंड उरले नाही.

विम्याचा करार हा इतर करारांसारखा नाही. आपल्या शरीराची माहिती आपल्यापाशी असते, कंपनीपाशी नसते. म्हणून दोन्ही पक्षांनी परम सद्भावाने वागावे, असा दंडक आहे. हे तत्त्व इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनी १७६६ साली सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात मांडले. विशेष हे की, त्या खटल्याचा निकाल विमा उतरविणाऱ्याच्या बाजूने लागला. कारण जे कंपनीवाल्यास ठाऊक होते वा चौकशीने कळण्याजोगे होते, त्याबद्दल त्याला मागाहून तक्रार करता येत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. म्हणजे सद्भावाची तलवार दुधारी आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल याच्या दोन्ही धारा दाखवितात. २००९ सालच्या एका निकालात विमेदाराने जुना मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार प्रस्तावपत्रात लपविला होता. कंपनीने दावा नाकारला तो योग्यच, असे न्यायालयाने ठरविले. दुसरा निकाल डिसेंबर २०२१ चा, आणि तो तर परदेशप्रवासाच्या विम्याचाच. एका गृहस्थांनी २००९ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी विमा घेतला. आपणांस मधुमेह आहे हे त्यांनी सांगितले होते आणि वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर पोहोचताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट घालावे लागले. रक्तातील चरबीवरील गोळीचा उल्लेख केला नाही, असे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरविला. सांगितलेला विकार विचारात घेऊन एकदा पॉलिसी दिली, की त्याच विकाराकडे बोट दाखवून मागे फिरता येत नाही, असे म्हटले. तथापि हा न्याय मिळण्यास बारा वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. त्या गोळीचे नाव आरंभीच कागदावर असते, तर कदाचित भांडणच उद्भवले नसते.

आता 'पूर्वीचा विकार' म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांचा समज असा की, जो त्रास देतो तो विकार. गोळीने ताब्यात आहे तो विकार नव्हे. हा समज चुकीचा आहे. गोळी चालू आहे, हाच विकार असल्याचा पुरावा होय. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, दमा, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी, मुतखडा, गुडघ्याची वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डॉक्टरांनी सुचविलेली पण आपण पुढे ढकललेली तपासणी, हे सर्व विचारल्यास सांगावयाचे. दुसरा समज असा की, तीन वर्षे झाली म्हणजे जुने विकार आपोआप विम्यात येतात. २०२४ पासून घरच्या आरोग्य विम्यात ही प्रतीक्षेची मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे, हे खरे. परंतु प्रवासाचा विमा काही आठवड्यांचा वा महिन्यांचा असतो. तेथे या हिशेबावर विसंबू नये. त्या पॉलिसीत जी व्याख्या छापली असेल, तीच वाचावी.

पॉलिसी घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. पहिला: जुना विकार पूर्णपणे वगळला आहे, पूर्ण धरला आहे, की केवळ जीव धोक्यात आला तरच धरला आहे? पुष्कळ पॉलिस्यांत हा तिसरा प्रकार असतो. प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो, पुढचा नाही. दुसरा: जुन्या विकारासाठी वेगळी मर्यादा आहे काय? मुखपृष्ठावर मोठी रक्कम दिसते, आणि आतल्या पानावर जुन्या विकारासाठी तिचा लहानसा हिस्साच ठेवलेला असतो. तिसरा: प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम आपण सोसावयाची? चौथा: वयाची अट काय? साठ आणि सत्तर या वयांच्या पायरीवर अटी बहुधा बदलतात. पाचवा: रुग्णास, आणि देव न करो, मृत्यू झाल्यास देहास, मायदेशी आणण्याचा खर्च धरला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावी.

देशपरत्वे फरकही जाणावा. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे. पण व्हिसा मिळाला म्हणजे आपला जुना विकारही विम्यात आला, असे मुळीच नाही. इंग्लंडात सहा महिन्यांहून कमी मुक्कामाच्या पाहुण्यास तातडीच्या विभागातील उपचार विनामूल्य मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल झाल्यास सामान्यतः सरकारी दराच्या दीडपट आकार पडतो. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यान्वये तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णास पैशावाचून परत पाठविता येत नाही, त्याची प्रकृती सावरावी लागते. पण बिल मागाहून येतेच. तेथील वृद्धांची सरकारी योजना आपल्यासारख्या पाहुण्यांस लागू नाही. तेथील काही विमे जुन्या विकाराचा 'अचानक उद्भवलेला झटका' तेवढा धरतात, आणि त्यात झटक्यानंतर २४ तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत, अशी अट बहुधा असते. 'सकाळी पाहू' म्हणून रात्र काढणाऱ्या आपल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे.

काही व्यवहारातील सूचना. आपल्या डॉक्टरांकडून विकार, औषधे व मात्रा यांचे इंग्रजी पत्र घ्यावे. त्यात औषधांची मूळ शास्त्रीय नावे असावीत, कारण कंपनीची नावे देशोदेशी बदलतात. पूर्ण मुक्कामाची आणि वर काही दिवसांची औषधे हातातील पिशवीत ठेवावी. प्रस्तावपत्राची प्रत जपावी. विमा घेतल्यानंतर व निघण्यापूर्वी नवा विकार उद्भवला, तर कंपनीस लेखी कळवावे. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटले असता निघाल्यास, अथवा उपचारांसाठीच परदेशी गेल्यास, हा विमा सहसा उपयोगी पडत नाही. मदतीचा दूरध्वनिक्रमांक मुलाजवळ आणि आपल्या खिशात, दोन्हीकडे असावा, आणि रुग्णालयात दाखल होताच तो फिरवावा.

सर्व खरे सांगूनही दावा नाकारला गेला, तर हातपाय गाळू नयेत. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर न आले वा समाधान न झाले, तर विमा लोकपालांकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत, ५० लक्ष रुपयांपर्यंतच्या दाव्याची तक्रार तेथे विनाशुल्क करता येते, वकील लागत नाही.

२०२३ साली आम्ही उभयता मुलीकडे गेलो, तेव्हा माझा रक्तदाब, सौभाग्यवतींचा दमा, सर्व काही मी लिहिले. एका कंपनीने नकार दिला, दुसरीने जादा हप्ता घेऊन आणि अटी घालून पॉलिसी दिली. तीन महिन्यांत दाव्याचा प्रसंग आला नाही. पैसे फुकट गेले, असे एक स्नेही म्हणाले. मी म्हणालो, नव्वद रात्री स्वस्थ झोप लागली, तिचे ते मोल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती केवळ विम्याची नाही. रोग लपविण्याची खोड आपल्या समाजात जुनी आहे. सोयरिकीच्या वेळी लपवितो, शेजाऱ्यापासून लपवितो, पोरांना काळजी नको म्हणून पोरांपासूनही लपवितो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे वचन अब्रूच्या बाबतीत खरे असेल. परक्या देशातील रुग्णालयात मात्र ती मूठ उघडतेच, आणि सव्वा लाख आपल्यालाच भरावे लागतात. आईबापांनी आपले विकार मुलांना सांगावेत. मुलांनी तिकीट काढण्यापूर्वी ते विचारावेत. मधुमेह ही लाज नव्हे.

मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. इंग्रजी कागद वाचू शकणाऱ्या दोघा-तिघांनी महिन्यातील एका रविवारी कार्यालयात बसावे आणि परदेशी निघालेल्या ज्ञातिबांधवांची प्रस्तावपत्रे त्यांच्यासमोर वाचून दाखवावी. विमा विकावयाचा नाही, दलाली घ्यावयाची नाही; केवळ रकाना वाचावयाचा आणि खरे उत्तर लिहावयास सांगावयाचे. या कामास माझे नाव प्रथम लिहावे. एकदा चुकीचे लिहिलेला हात, आता उरलेल्या दिवसांत खरे लिहिण्याच्या कामी आला, तर अण्णांचे थोडेसे ऋण फिटेल.