तार जुळत नाही आणि कॅमेरा चालू आहे

(समाजाच्या संगीत विभागाने आषाढातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगीत विभागाचे भाषण बहुधा एखाद्या गवयावर असते. फैयाज खाँसाहेबांच्या बडोद्यात ते स्वाभाविकही आहे. यंदा पत्रिकेत गिटारवाल्याचे नाव पाहून दांडिया बाजारातल्या एका काकांनी फोनवर विचारले, "बोलणार आहात की नुसता दणदणाट?" बोलणारच आहोत. मधे दोन तुकडे पडद्यावर दाखवू, तेवढा आवाज सोसून घ्यावा.

गिटारवाला म्हणजे जिमी हेंड्रिक्स. अमेरिकेतला कृष्णवर्णीय, डावखुरा. उजव्या हाताच्या लोकांसाठी बनवलेली गिटार उलटी धरून, तारा फिरवून लावून तो वाजवीत असे. १९७० साली इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावर मोठा संगीत महोत्सव झाला. पाच-सहा लाख माणसे जमली होती असा अंदाज सांगतात. हेंड्रिक्सची पाळी आली तेव्हा मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले होते, म्हणजे तारीख ३१ ऑगस्ट. दीड वर्षात इंग्लंडमध्ये त्याचा कार्यक्रम झाला नव्हता. पाचच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वतःच्या स्टुडिओचे उद्घाटन झाले होते आणि ते उरकून तो इकडे आला होता. ढोलांवर मिच मिचेल, बास गिटारवर सैन्यातला जुना सोबती बिली कॉक्स. आणि समोर मरे लर्नर या दिग्दर्शकाचे कॅमेरे.

पहिल्यापासूनच काही जमत नाही. तारा उतरतात, तो मधे मधे थांबून जुळवतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा उतरतात. त्याच्या गिटारला एक दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर घसरत खाली जातो. हेंड्रिक्सच्या वाजवण्याचा निम्मा जीव त्या दांडीत आहे, आणि तीच त्याच्या तारा बिघडवते. आपल्याकडे तंबोऱ्याचा मणी एकदा सरकवून तार सुरात आणली की गवई निर्धास्त होतो. इथे वाजवणारा स्वतःच दर मिनिटाला आपले वाद्य बेसूर करीत असतो आणि त्यातूनच संगीत काढीत असतो.

मग 'मशीन गन' हे गाणे येते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले, युद्धाविरुद्धचे गाणे. हेंड्रिक्स स्वतः १९६१-६२ मध्ये छत्रीधारी सैनिक होता, त्यामुळे हे गाणे त्याला ऐकीव नव्हते. ऐन त्याच गाण्यात ॲम्प्लिफायरमधून माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागते. मैदानातल्या सुरक्षारक्षकांच्या वॉकी-टॉकीचे ते बोलणे! आपल्यातल्या ज्यांनी जुने रेडिओ उघडून पाहिले आहेत त्यांना हे लगेच उमगेल. गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. तिच्यातली क्षीण वीज लांबलचक केबलमधून पायाजवळच्या पेट्यांत जाते आणि तिथे कितीतरी पटींनी मोठी होते. अशी केबल नकळत अँटेनाचे काम करते आणि पेटीतला ट्रान्झिस्टर त्या लहरींतले बोलणे मोकळे करतो. म्हणजे वाजवणाऱ्याच्या पायाखाली, कुणी न मागता, एक रेडिओ तयार होतो. युद्धाविरुद्ध वाजवीत असलेल्या माणसाच्या स्पीकरमधून पहारेकऱ्यांचे निरोप ऐकू यावेत, हे एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर आपण त्याला फार जुळवून आणले म्हणालो असतो.

हेंड्रिक्सच्या चेहऱ्यावरची नाराजी लपत नाही. कॅमेरा जवळ जातो, तशी ती पडदाभर होते. दोन दिवसांनी डेन्मार्कमधल्या ओर्हूस गावी तो दोन-तीन गाणी होताच मंचावरून निघून गेला. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये तो वारला. वय २७.

त्यामुळे ही चित्रफीत पाहणारा पुष्कळदा शेवट ठाऊक ठेवूनच पाहतो. त्रासलेला चेहरा दिसला की म्हणतो, बघा, संपतच आला होता! आम्हाला हे पटत नाही. तो दमला होता, हे खरे. पण त्या रात्री त्याला छळत होते ते समोरचे, साधे कारण: कानाला जो सूर हवा होता तो हाताला मिळत नव्हता. याला पुरावा त्याच चित्रफितीत आहे. 'मशीन गन'नंतर थोड्या वेळाने तो दुसरी गिटार घेतो, काळी फ्लाइंग व्ही, मुळातच डावखुऱ्यासाठी बनवलेली. आणि 'रेड हाउस' हा संथ ब्लूज वाजवतो. घाई नाही, झटापट नाही, एकेक सूर बसून, स्थिरावून आलेला. हा दुसरा तुकडा आम्ही मुद्दाम पूर्ण दाखवणार आहोत.

आता आपल्याकडे वळू. किशोरीताई आमोणकर ध्वनिव्यवस्थेबाबत आणि श्रोत्यांच्या शिस्तीबाबत तडजोड करीत नसत, हे महाराष्ट्रात आणि बाहेरही सर्वांना ठाऊक आहे. त्या रागावल्या तर आपण त्याला सुराची निष्ठा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. तोच राग गिटार गळ्यात असलेल्या माणसाने दाखवला की त्याला माज म्हणतो. का? वाद्याला वायर जोडली म्हणून?

याच्या उलट गंमत १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये झाली. बांगलादेशच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसनने केलेल्या मैफलीत पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि आपल्या मुंबईचे अल्लारखाँ आधी बसले होते. त्यांनी वाद्ये जुळवली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! पंडितजींनी ते हसत निभावले आणि मग वाजवायला घेतले. रॉकच्या श्रोत्याला तार जुळवणे म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते, आणि त्यांच्याच हेंड्रिक्सला तर जुळवायला सवडही मिळत नव्हती.

आणखी एक प्रसंग थोडक्यात. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को, 'द बँड' या मंडळींचा निरोपाचा कार्यक्रम, चित्रण मार्टिन स्कॉर्सेसीचे. पाहुणा एरिक क्लॅप्टन वाजवायला लागतो आणि त्याच्या गिटारचा पट्टा सुटतो. शेजारचा रॉबी रॉबर्टसन क्षणात ती जागा आपल्या गिटारने भरतो. क्लॅप्टन पट्टा लावतो आणि परत येतो. रागवायला वेळच मिळत नाही. सोबतीला असा माणूस असणे ही केवढी चैन आहे!

हे सगळे आज सांगण्याचे कारण घरचेच आहे. मागल्या गणेशोत्सवात आपल्या समाजातला अकरावीतला एक मुलगा गिटार वाजवायला बसला. समोरचा स्पीकर बंद होता, त्यामुळे त्याला स्वतःचे वाजवणे ऐकू येत नव्हते. केबल खरखरत होती. त्यात निवेदकाच्या चालू माइकमधून प्रसादाच्या रांगेची सूचना चालली होती. तो तीनदा थांबला, चौथ्यांदा पेडलला लाथ मारून खाली उतरला. कुणीतरी मोबाइलवर तेवढी लाथ टिपली. बावीस सेकंद. ती घरोघरच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांसह फिरली, सुरतेच्या आणि पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत गेली. आधीची चार मिनिटे कुणाकडेच नाहीत. लर्नरच्या चित्रणाचे मोठेपण आम्हाला इथे जाणवते: त्याने राग टिपला, पण पुढचे 'रेड हाउस'ही टिपले. त्या मुलाला पुढचे काही मिळालेच नाही. तेव्हापासून तो तालमीला आलेला नाही.

म्हणून संगीत विभागाने यंदा काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि कार्यकारिणीने त्या मान्य केल्या आहेत. साउंडवाला आरतीनंतर नव्हे, दुपारी साडेचारला येईल. हीच मंडळी नवरात्रात गरब्याला हजारो माणसांसाठी चोख आवाज लावतात, तेव्हा त्यांना येत नाही असे नाही, आपण वेळ देत नाही. वाजवणाऱ्यासमोर एक स्पीकर फक्त त्याच्यासाठी राहील. तारा जुळवत असताना निवेदकाने विनोद सांगायचे नाहीत आणि प्रसादाची सूचनाही द्यायची नाही. ज्याला चित्रण करायचे असेल त्याने पूर्ण करावे.

तिसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात त्या मुलाच्या नावापुढे वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. त्याने अजून होकार दिलेला नाही. पण परवा त्याच्या आईने सांगितले की गिटारला नव्या तारा आणून ठेवल्या आहेत.