माझं ‘पण’ कुठं गेलं?

(जामखेड येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी पोटगीबद्दल बोलणार नाही. अडखळणाऱ्या व्हिडिओबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी आपण पोटगीपाशीच येतो.

नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची मनोगतं आम्ही मोबाइलवर चित्रित केली आणि जुन्या लॅपटॉपवर ती जोडायला बसलो. चित्र दोन सेकंद चालायचं, थिजायचं, मग उडी मारून पुढं जायचं. एक बाई सांगत होती, “नांदायला जायाला मी तयार हाय.” तिथं चित्र थांबलं, आवाज तुटला. वाक्य संपलं असं समजून आम्ही कात्री लावली. फिल्म तिला दाखवली तेव्हा ती म्हणाली, “ताई, माझं ‘पण’ कुठं गेलं?”

मूळ चित्रणात ती पुढं म्हणाली होती, “पण त्या घरात न्हाई. येगळी खोली करून द्यावी.” समझोता कर म्हणून सगळं गाव तिच्यामागं लागलेलं, आणि तिच्या तोंडून बिनशर्त होकार काढला तो आम्ही!

कुणी म्हणालं, फोटो स्टुडिओतल्या मुलाकडं देऊन टाकू. म्हणजे बायांचे चेहरे, गावांची नावं, सगळं परक्याच्या कॉम्प्युटरवर. ते आम्हाला मान्य नव्हतं. मग शिकलो.

हे अडखळणं का होतं? बचत गटाची वही आठवा. रोजची शिल्लक न लिहिता फक्त देणंघेणं लिहिलं, तर मधल्या एका तारखेची बाकी सांगायला मागची सगळी बेरीज करावी लागते. मोबाइल जागा वाचवायला असंच करतो. एखादं चित्र पूर्ण ठेवतो, पुढच्यांत फक्त झालेला बदल. जुन्या लॅपटॉपला ती बेरीज वेळेत होत नाही. चित्रणात दोष नसतो, दाखवणारं यंत्र मागं पडतं.

उपाय म्हणजे ‘प्रॉक्सी’. केडेनलाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात प्रॉक्सी चालू केली की प्रत्येक चित्रणाची हलकी, लहान प्रत तयार होते. कापाकापी तिच्यावर करायची, अंतिम फिल्म मात्र मूळ चित्रणातून निघते. म्हणून मूळ फाइल पुसू नका. प्रती व्हायला वेळ लागतो. लाइट आहे तेव्हा लावून ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. (तेवढा वेळ घरातल्या दुसऱ्या कुणी स्वयंपाक केला तरी प्रती तशाच होतात!) पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका, आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. चार्जर लावलेला ठेवा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप संथ होतात. एवढं जमत नसेल तर निदान पूर्वदृश्याचा दर्जा कमी करा. चित्र पुसट दिसेल, पण वाक्य पूर्ण ऐकू येईल.

एका गोष्टीला जपा. चेहरा धूसर करण्याचं काम लॅपटॉपला फार जड जातं, ते अगदी शेवटी करा. आणि हलक्या प्रतीवर चेहरा मुळातच पुसट असतो, त्यामुळं झाकला गेला असं वाटतं. मूळ दर्जात तीच बाई ओळखू येते. एकदा मान वळली की धूसर पट्टा बाजूला राहतो. म्हणून तयार झालेली फिल्म मोठ्या पडद्यावर, थांबत थांबत तपासा. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंडसंहितेच्या 228-अ कलमात होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे.

हे आपल्याला झेपेल का, असं विचारणाऱ्यांना मी जामखेडचंच उदाहरण देते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथं काम सुरू केलं आणि अक्षरओळख नसलेल्या बायका गावोगावी आरोग्यसेविका झाल्या. अहमदाबादला ‘सेवा’च्या भाजीवाल्या बायकांनी 1984 साली व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला.

आता आम्ही फिल्म बाहेर नेण्याआधी बोलणारीला बसवून दाखवतो. त्या बाईचं ‘पण’ परत जोडलं. तिनं ते दोनदा ऐकलं, आणि मग पोटगीच्या अर्जाचं विचारलं. लॅपटॉप मागं ठेवला आहे. जेवणानंतर ज्यांना प्रॉक्सी करून पाहायची आहे त्यांनी आपापले मोबाइल आणि वायर घेऊन या.